उलट न बोलणारा डबा

१

आईने साबणाची वडी टेबलावर अशी आपटली की बशीतला चमचा उडाला.

"वास घे," ती म्हणाली.

पासवर्डताईने वडी नाकाशी नेली. आधी संत्र्याची साल, तिच्यामागून पुदिना आणि अगदी शेवटी लवंग. लहानपणापासून तिच्या अंगाला, केसांना, शाळेच्या कपड्यांना येत आलेला वास. साबण आईचाच होता. वडीवरचा शिक्का मात्र चौकातल्या नव्या दुकानाचा होता.

"चोरी झालीय," आई म्हणाली. "माझ्या डोक्यातून."

या डोक्याबद्दल थोडं सांगायला हवं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आई साबण शिजवायची. त्याची कृती तिला तिच्या आईकडून तोंडी मिळाली होती आणि ती तिने जन्मात कागदावर उतरवली नव्हती. नवऱ्याने आयुष्यभर तेलाचे डबे वाहिले, त्यालाही तिने ताकास तूर लागू दिली नाही. तान्ह्या बाळांसाठी डॉक्टर हा साबण सांगायचे, दुसऱ्या गावांहून माणसं यायची आणि आई त्यांना वड्या अशा मोजून द्यायची की जणू पदकं वाटतेय. हा अभिमान तिला शोभायचा, कारण साबण खरोखरच तसा होता.

आणि पासवर्डताई ही या आईची धाकटी लेक. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. घरोघरी जाऊन वायफाय लावून देणं, फोनमधली नको ती ॲप काढून टाकणं, निवृत्त मंडळींना खोटे मेसेज ओळखायला शिकवणं हा तिचा व्यवसाय. पासवर्ड टाकताना समोरच्याला तोंड फिरवायला लावायची, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. तिला ते नाव भारी आवडायचं.

"त्या खोलीत आम्ही तिघीच जातो," आई बोलत राहिली. "मी, भांड्यांना आणि पॅकिंगला येणाऱ्या काकू आणि तुझी वहिनी. काकूंना साधा फोन नीट उचलता येत नाही. आणि वहिनीच्या हातातला फोन सुटत नाही. आता तूच काय ते समज."

वहिनी दारातच उभी होती. तिने शब्दन् शब्द ऐकला. तिने अंगावरचा एप्रन काढला, घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"येत्या रविवारपर्यंत खरं काय ते कळलं तर बरं," ती म्हणाली. "नाही कळलं तर मी माहेरी जाते. आणि ते परत यायला नाही."

सोफ्यावर बसलेला मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मध्ये पडला. तो आठवड्यातून दोनदा बहिणीकडे चहाला यायचा. "अगं, काय हे! साबणच तर आहे," असं म्हणत तो उठायला गेला. पँटवरूनच बांधलेला गुडघ्याचा कोरा करकरीत पट्टा कुरकुरला आणि मामा पुन्हा खाली बसला.

"साबणच तर आहे?" आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मामाने कप तोंडाला लावला.

पासवर्डताईने वडी रुमालात गुंडाळली. दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, यातलं अजून काही माहीत नव्हतं. तो कामावरून यायच्या आत वहिनीशी बोलायला हवं होतं.

२

वहिनीने फोन स्वतःहूनच पुढे केला. कुलूप उघडून.

"बघा वन्सं, सगळं बघा. लपवायला आहेच काय?"

"आधी कुलूप लाव, आणि मी तोंड फिरवल्यावर उघड," पासवर्डताई म्हणाली. "चोरी झाली म्हणून शिस्त सोडायची नाही."

वहिनीला एवढ्या रागातही हसू आलं.

साबणाचं नाव सगळीकडे पोचवलं होतं ते वहिनीच्या व्हिडिओंनी. फेस, वड्या कापणं, रंगीत कागदात गुंडाळणं, बस एवढंच त्यात असायचं. शिजवण्याचा एक तुकडाही तिने बाहेर सोडला नव्हता. फोनमध्ये मात्र असे तुकडे बरेच होते, वर गाणं घालायचं म्हणून आवाज बंद केलेले. पासवर्डताईने ते लक्ष देऊन पाहिले. एकात आई भांडं आचेवरून उतरवून, त्याला बाहेरून तळहात लावून उभी होती. बऱ्याच वेळाने तिने बरणीतून मधाची धार सोडली.

"हे नेहमीच असं?"

"नेहमी. मध शेवटी, आच गेल्यावर. किती वेळाने ते विचारलं तर म्हणतात, हाताला कळतं."

मग पासवर्डताईने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला काय काय परवानगी दिली आहे ते उघडलं. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती. एका ठिकाणी तिचं बोट थबकलं. टॉर्चच्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी होती.

"उजेड पाडायला याला कान कशाला हवेत?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे माझ्याच फोनमधून...?"

"घाबरू नकोस. अशी ॲप ऐकतात किंवा हुंगतात ती जाहिरातवाल्यांसाठी. चौकातल्या साबणवाल्याला ती थोडीच जाऊन सांगणार." तिने ॲप उडवून लावलं. "फोनला स्वतःचा टॉर्च असतो. कुठलंही ॲप घेताना एवढंच विचारायचं, की हे जे मागतंय ते याच्या कामाला लागतं का? नसेल लागत तर नाही म्हणायचं. नाही म्हटल्याने फोन रुसत नाही. आता मला सांग, गेल्या काही दिवसांत घरात विचित्र असं काही झालं?"

वहिनीने आठवून पाहिलं. "विचित्र नाही, पण गंमत झाली होती. खोलीतला तो बोलणारा स्पीकर आपणहून म्हणाला, तुमचा गुडघ्याचा पट्टा आज घरी पोचेल. आम्ही तिघी एकमेकींचे गुडघे बघत बसलो. कुणीच मागवला नव्हता. आणि पट्टा आलाही नाही."

पासवर्डताईने मान डोलावली आणि ती गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. तेवढ्यात मागच्या अंगणातून काकूंची हाक आली. "ताई, इकडे या! हात बघा माझे!"

३

काकूंचे हात लाल झाले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

"चौकातला तो साबण आणला मी. म्हटलं, कळू तर दे, आमच्याशी बरोबरी करणारा कोण तो. दोनदा हात धुतले आणि ही गत. तुमच्या आईच्या साबणाने माझ्या नातवाचं अंग लोण्यासारखं झालंय, आणि हा मेला चरचरतो!"

"वास तर तोच आहे, काकू."

"तोच? नाकाला सर्दी झालीय का तुमच्या? नीट घ्या वास. पुदिन्याच्या खाली काय लपलंय?"

पासवर्डताईने रुमालातली वडी काढली, पाण्यात भिजवून फेस केला आणि पुन्हा हुंगला. आता तिला कळलं. लिंबू होतं.

"साबणात लिंबू घालतं का कुणी शहाणं माणूस?" काकूंचा आवाज वर चढला. "आणि याच्यात मध कुठाय? मधाचा साबण हाताला कळतो. हा नुसता कोरडा ठक्क. चोरायचंच होतं तर धड तरी चोरायचं!"

"आपल्या खोलीत लिंबू येतच नाही का?"

"येतं की. साबण ओतून झाला की मोठ्या पातेल्यात लिंबाचं पाणी घालून ठेवतो, डाग निघायला. मग ते मी घासते. ते भांड्याचं लिंबू, साबणाचं नव्हे."

काकू बोलत राहिल्या, पण पासवर्डताई जागच्या जागी उभी राहिली. तिच्या मनात हिशेब जुळू लागला होता. चोराला साल कळली, पुदिना कळला, लवंग कळली. तिन्ही कळली, तीही बरोबर क्रमाने. मध मात्र त्याला कळला नाही. आणि साबणाशी काहीही संबंध नसलेलं लिंबू त्याने आत घातलं.

वहिनीने चोरी केली असती तर तिला मध ठाऊक होता, तिच्या फोनात तर त्याचं चित्रण होतं. काकूंना मधही ठाऊक होता आणि लिंबूही. त्या खोलीत कधीही डोळे उघडे ठेवून उभं राहिलेल्या माणसाने ही चूक केली नसती. साबण कुणी प्रयोगशाळेत नेऊन तपासला असता तर मध सापडला असता आणि लिंबू सापडलं नसतं.

म्हणजे चोराने काहीच पाहिलं नव्हतं. त्याने फक्त ऐकलं होतं. पण आई तर शिजवताना कुणाशी एक अक्षर बोलत नाही.

४

दुसऱ्या दिवशी पासवर्डताई शिजवायच्या वेळीच खोलीत गेली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आईने कपाळाला आठ्या घातल्या, पण हाकललं नाही. खोलीत दोघीच होत्या. शेगडीवर मोठं पातेलं, भिंतीला लावलेले साचे, फळीवर बरण्या आणि बरण्यांच्या मध्ये तो गोल, कापडी अंगाचा स्पीकर.

आईने पातेल्यात मुठी टाकल्या, फळीकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "संत्र्याची साल, तीन मुठी, मंद आचेवर, वीस मिनिटं!"

"संत्र्याची साल, तीन मुठी, मंद आचेवर," डब्याने अदबीने उत्तर दिलं. "वीस मिनिटांचा टायमर सुरू."

पासवर्डताई स्टुलावरून पडता पडता राहिली.

"आई! हे काय?"

"टायमर. एका वेळी चार गोष्टी शिजत असतात, कुठला कशाचा ते कळायला नको? म्हणून नाव सांगून लावते." आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "फार गुणी आहे. सांगितलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवतो. या घरात उलट न बोलणारा तो एकटाच."

"आणि भांड्यात लिंबू घालतेस तेव्हा?"

"त्यालाही लावते. जास्त वेळ राहिलं तर पातेलं काळवंडतं."

"आणि मधाला?"

"मधाला कशाला टायमर? तो हाताला कळतो."

पासवर्डताईने कपाळावर हात मारून घेतला. कागदावर अक्षर न उतरवणाऱ्या, नवऱ्याला थांग न लागू देणाऱ्या तिच्या मानी आईने सगळी कृती, मुठींच्या मापासकट, मोठ्या आवाजात एका डब्याला सांगितली होती. तीही रोज, आणि तो नीट ऐकतो म्हणून त्याचं कौतुक करत.

"आई, तू याला जे जे सांगतेस ते हा लक्षात ठेवतो. आणि ज्याच्या खात्यावर तो लावलाय, त्या माणसाला आपल्या फोनवर सगळं वाचता येतं. ऐकताही येतं, तुझ्या आवाजात."

आईच्या हातातला कालथा तसाच थांबला.

"कुणाच्या खात्यावर लावलाय हा?"

उत्तर आईला ठाऊक होतं, आणि पासवर्डताईलाही. घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक दिवा लेकीने लावलेला होता. हा एकच डबा नव्हता. तो भेट आला होता आणि ज्याने आणला त्यानेच लावूनही दिला होता. लेकीने तपासू का म्हटलं तेव्हा आई म्हणाली होती, राहू दे, घरच्या माणसाने लावलाय.

"नाही," आई शेवटी म्हणाली. "तो असं करणार नाही. सख्खा भाऊ आहे माझा."

"सून सख्खी नाही म्हणून ती करेल?"

हा घाव वर्मी बसला. आई भांड्याकडे तोंड करून ढवळू लागली. मग तिने वळून विचारलं, "खात्री कशी करायची?"

५

खात्री करायची युक्ती पासवर्डताईने सांगितली आणि आईने ती अशी वठवली की नाटकवाल्यांनी मान खाली घालावी.

"बडीशेप," ती फळीकडे पाहून म्हणाली, "दोन मुठी, पुदिन्यानंतर लगेच, दहा मिनिटं!"

"बडीशेप, दोन मुठी, पुदिन्यानंतर लगेच," गुणी डब्याने म्हणून दाखवलं.

खोलीत बडीशेपेचा दाणाही नव्हता. हे फक्त आईला, लेकीला आणि आता डब्याला माहीत होतं. काकूंना सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. वहिनीला न सांगणं पासवर्डताईला जड गेलं, कारण ती खोलीकडे न फिरकता आपली बॅग भरत होती आणि दादा घरभर मुका होऊन हिंडत होता. पण पुरावा चोख हवा तर तोंड बंद ठेवायला हवं, एवढं तिच्या धंद्याने तिला शिकवलं होतं.

रविवारी सकाळी ती चौकातलं दुकान उघडायची वाट पाहत उभी होती. काउंटरवरच पाटी लावलेली होती, 'नवा, सुधारित'. तिने वडी घेतली, रस्त्यातच कागद फाडला आणि नाकाशी धरली.

शेजारून जाणाऱ्या बाईने चमकून पाहिलं, कारण पासवर्डताई साबणाची वडी हातात धरून खदखदून हसत होती.

६

मामा चहाला आला तेव्हा सगळे बसलेले होते. आई, दादा, काकू आणि दारापाशी बॅग घेऊन वहिनी. टेबलावर दोन वड्या होत्या.

"बस मामा," पासवर्डताई म्हणाली. "गुडघा कसा आहे? पट्टा वेळेवर पोचला ना?"

"पोचला की," मामा म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पट्टा मागवल्याचं आपण इथे कुणाजवळच बोललो नव्हतो.

"आम्हाला माहीत होतं येणार ते. खोलीतल्या स्पीकरने सांगितलं होतं. तो तुझ्या खात्यावर चालतो, म्हणून तुझं पार्सल निघालं की आमच्याकडे दवंडी पिटतो. आणि आमच्याकडे आई काय बोलते ते तुझ्या फोनवर येतं." तिने पहिली वडी पुढे सरकवली. "यात लिंबू आहे. ते लिंबू आई भांडं धुवायला वापरते. ज्याने टायमर ऐकले पण खोली पाहिली नाही, त्यालाच ते साबणाचं वाटेल. यात मध नाही, कारण मधाला टायमर लागत नाही." मग तिने दुसरी वडी ठेवली. "आणि ही आजची. हिच्यात बडीशेप आहे. बडीशेप आईने या आठवड्यात त्या डब्याला सांगितली, आणि फक्त त्यालाच सांगितली."

काकूंनी वडी हुंगली. "अगंबाई! जेवणानंतर चावायची की अंगाला लावायची?"

कुणी हसलं नाही. मामा पट्ट्याची कड ओढत बसला होता.

"दुकान माझ्या मित्राचं आहे," तो अखेर म्हणाला. "साबण मी शिजवतो. डबा दिला तेव्हा मनात काही नव्हतं, आईशप्पथ. एक दिवस फोन उघडला आणि तुझा आवाज ऐकला. साल तीन मुठी. आपल्या आईच्या स्वयंपाकघरातला वास आला मला. ती माझीही आई होती. मला का नाही सांगितलं तिने?"

"तू कधी त्या भांड्यासमोर उभा राहिलास?"

"मला कुणी उभं केलं?"

हे खरं होतं, आणि खरं असेल तिथे आई वाद घालत नसे.

"मागायचं होतंस," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं, तू भांडला असतास, पुन्हा मागितलं असतंस. ते चाललं असतं. पण तू ऐकत बसलास, आणि माझी सून घर सोडायला निघाली तेव्हा इथे बसून चहा प्यायलास. दुकानातल्या वड्या उद्या उचलायच्या. आणि चहाला मी बोलावीन तेव्हाच यायचं."

मामा उठला. कुणी त्याला हात दिला नाही, दादाने फक्त दार उघडून धरलं.

मग आई उठून वहिनीसमोर गेली. माफी मागायची तिला सवय नव्हती. तिने वहिनीच्या हातातली बॅग घेतली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवरचा एप्रन घेऊन परत आली.

"चुकलं माझं," ती सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली. "जे डब्याला सांगितलं ते तुला सांगायला हवं होतं. चल."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "सासूबाई, मला साबण नको. मला दाराशी ऐकलेलं ते बोलणं परत घेतलेलं हवंय."

"घेतलं. आणि साबणही घे. दोन्ही घे."

वहिनीने एप्रन बांधला आणि गाठ घट्ट ओढली.

पुढचं सगळं पासवर्डताईने आपल्या देखरेखीखाली पार पाडलं. मामाला वाटेत गाठून डब्यातला सगळा इतिहास त्याच्या फोनवरून पुसून घेतला, त्याचं खातं काढलं, डब्याची वायर भिंतीतून उपटली. कुणीही भेट दिलेली वस्तू आधी स्वतःच्या खात्यावर घ्यायची, मग कामाला लावायची, हे तिने दादाला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. आईसाठी तिने किल्ली फिरवून लावायची तीन साधी घड्याळं आणली. ती टिकटिकतात, वाजतात आणि ऐकत नाहीत. मग घरातले सगळे फोन एका टोपलीत गोळा केले.

"झालं," ती म्हणाली आणि आई-वहिनीच्या मागोमाग खोलीत शिरायला निघाली.

आईने उंबऱ्यात हात आडवा धरला.

"तू कुठे?"

"म्हणजे? मी पण..."

"तू काम फार छान केलंस. पण भांड्यासमोर तीन वर्षं ही उभी राहिलीय, तू नाहीस."

पासवर्डताईला ते बोचलं, मामाला आयुष्यभर बोचलं असेल तसंच, आणि त्या क्षणी तिला मामा थोडासा कळला. मग तिने वहिनीकडे पाहिलं. एप्रन बांधून, मान ताठ करून ती शेगडीसमोर उभी होती, आणि आई तिच्याकडे अशा नजरेने पाहत होती जी आजवर फक्त साबणाच्या वाट्याला आली होती.

पासवर्डताईने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं आणि फोनची टोपली मांडीवर घेऊन पायरीवर बसली. दादा आला, आत जायला लागला.

"तोंड फिरव," ती म्हणाली. "आत वहिनीला सांगतेय आई."

दादा तिच्या शेजारी बसला. दोघंही दाराकडे पाठ करून, आतून येणारा साबणाचा वास छाती भरून घेत बसून राहिले.